उचललेला भंडारा

उत्तमराव जीपमधून उतरले ते सभेकडे न जाता थेट देवीच्या देवळात शिरले. तिथे ताट मांडलेलं होतं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. घरटी एकेक माणूस आत बोलवायचा, त्याने भंडारा उचलायचा आणि मत उत्तमरावांनाच देईन अशी शपथ घ्यायची. एवढाच त्यांचा प्रचार.

बासष्ट साल होतं, जिल्हा परिषदेची पहिलीच निवडणूक. उत्तमरावांच्या स्वप्नात म्हणे देवी आली होती. ज्या गावात जात त्या गावची देवी आदल्या रात्री स्वप्नात येऊन जायची. वरवट बकालला एक आली, इथे दुसरी. "मत मले देऊ नका, आईले द्या," असं ते हात जोडून सांगत. आईच्या नावाने मागितलेलं मत शेवटी कोणाच्या घरात जातं हे न कळण्याइतकं गाव खुळं नव्हतं. उत्तमरावांना नाही म्हणता आलं असतं. देवीला कोण नाही म्हणणार? खोटा भंडारा उचलला तर घराचा निर्वंश होतो, हे इथे आईच्या दुधासोबत पाजलेलं. माणसं मनातल्या मनात शिव्या देत होती आणि ताटाकडे हात नेत होती.

गोजरबाईनेही भंडारा उचलला. ती विधवा, गावातल्या साठ घरांच्या भाऊकीत सगळ्यांत वडील. दोन वर्षांपूर्वी या गावाला दवाखाना मंजूर झाला होता. उत्तमरावांनी वजन वापरून तो आपल्या गावी नेला. खोली उभी राहिली, डॉक्टर काही आला नाही, आणि आता त्या खोलीत उत्तमरावांची सरकी भरलेली असते. मागच्या पौषात गोजरबाईची सून पंचफुला अडली आणि शेगावच्या वाटेवर बैलगाडीतच गेली, पोटातल्या लेकरासकट. तेव्हापासून गोजरबाई या निवडणुकीची वाट पाहत होती. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे असलेले नारायणराव साधेच शेतकरी होते. दवाखाना परत आणीन, एवढंच ते म्हणत. त्यांना द्यायचं मत तिला स्वतःच्या हाताने देवीपुढे बांधून टाकावं लागलं.

बौद्ध वस्तीने मात्र भंडारा उचलला नाही. दीक्षा घेतली तेव्हाच आम्ही हे सोडलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. वीस घरांनी काय होतं, म्हणून उत्तमराव हसले.

हे सोमवारी झालं. गुरुवारी गोजरबाई वरवटच्या पोस्टातून पत्र घेऊन आली. पाकिटाचा कोपरा फाडलेला पाहूनच बायका हातातली कामं टाकून गोळा झाल्या. असं पत्र मयताचं असतं. बौद्ध वस्तीतली बेबीताई शाळेत शिकवायची आणि गावातल्या बायकांची पत्रं तीच वाचायची. तिला ओट्यावर बोलावलं. भाऊकी जमली.

बेबीताईने मान वर न करता पत्र वाचलं. गोजरबाईचा धाकटा दीर कारभारी, भुसावळला रेल्वेत असलेला, सडाफटिंग, शनिवारी तापाने वारला होता. सोबत्यांनी सगळं उरकलं होतं, कोणी येऊ नये असं लिहिलं होतं. मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. गोजरबाईने ते तिथेच फाडलं आणि मग गळा काढला.

रडणं ओसरल्यावर देवीचे गुरव जानराव बोटं मोजू लागले. मरण शनिवारचं, शपथ सोमवारची. म्हणजे साठही घरं त्या दिवशी सुतकात होती.

"सुतकातल्या हाताचा भंडारा देवी घेतच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे शपथ लागू नाही?" गोजरबाईने डोळे पुसत विचारलं.

"कशी लागू होईन? उलटा सुतकात देवळात गेल्याचा दोष."

उत्तमरावांना कळलं तशी जीप धुरळा उडवत आली. पुन्हा ताट मांडा, म्हणाले. जानरावांनी देवळाला कडी लावली. अकराव्या दिवशी गोमूत्र शिंपडल्याशिवाय भाऊकीला पायरी चढता येणार नव्हती, आणि मतदान दहाव्या दिवशी होतं. शिकलेल्या माणसाला कायद्याने अडवता येतं, पण देवीच्या नावावर गाव बांधायला निघालेल्याला देवीच्याच सोवळ्याने अडवलं तर तो बोलणार काय?

मतदानाच्या सकाळी भाऊकीतले सगळे पुरुष नदीवर डोकी भादरून ओल्या अंगाने तसेच शाळेत आले. मागे बायका होत्या. उत्तमराव दाराशी उभे होते. ही रांग पाहून त्यांचे हात जोडायला वर आले आणि अर्ध्यावरच थांबले. सुतकात असलेल्याला कोणी नमस्कार करत नाही.

या एका गावाने त्यांना पाडलं. पडल्यावर ते म्हणाले, आईने परीक्षा घेतली. निवडून आले असते तरी आईच, पडले तरी आईच. असल्या माणसाला लाज कुठून यावी!

आठ दिवसांनी गोजरबाई बेबीताईच्या घरी जाऊन बसली. पत्र लिहायचं आहे, म्हणाली. बेबीताईने दार लोटलं आणि दौत घेतली.

"पत्ता भुसावळचाच टाक," गोजरबाई सांगू लागली. "कारभारी भाऊजीले आशीर्वाद. तुमचं पत्र पोचलं. रजा घेऊन येतो म्हणता, तं आता या. गावात तुमाले पाहून कोणी भेलं तं हसू नका."

बेबीताईने लिहिलं. शाई वाळायची वाट पाहत तिने विचारलं, "भंडारा तं तुमीबी उचलला होता, माय. लोकायले ठाऊक नव्हतं. तुमाले तं ठाऊक होतं, सुतक नाही म्हणून."

"हाव," गोजरबाई म्हणाली. "म्हणून माहं मत मी उत्तमरावालेच देल्लं."