पुठ्ठ्याच्या घंटा

सणाची सजावट विकत आणायची नाही, असं शिंपीणबाईंनी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. अंड्यांच्या ट्रेचे खळगे कापून त्यांना उरलेला चंदेरी रंग फासला आणि जुन्या स्वेटरच्या लोकरीत ओवून त्या घंटा खिडकीत टांगल्या. आत लोलक एकीलाही नव्हता.

भर दुपारी घंटा वाजल्या. पितळेच्या असाव्यात तशा, घणघण.

"टाकून दे गं त्या," स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला.

"का म्हणून? पुठ्ठ्याच्या आहेत, पुठ्ठ्यासारखं राहायचं."

बाईंनी पदर खोचला आणि सगळ्या घंटा गरम पाण्याच्या बादलीत बुडवल्या. लगद्याचे मुखवटे होतील, वाया काही जायचं नाही. पाण्याखालूनही घणघण येतच होती.

"बघू, आधी कोण दमतं ते." दोन्ही हात घालून त्या मळत राहिल्या. आकार मोडला, रंग सुटला, लगदा झाला, तेव्हा कुठे आवाज थांबला.

"आता वाजा की," म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, तर आतून घणघण आली. मिटलं, तर थांबली.

"काय गं, जिरली का त्यांची?" नवऱ्याने विचारलं.

त्याला उत्तर दिल्याशिवाय बाई आजवर राहिल्या नव्हत्या. त्यांनी मान ताठ केली आणि तोंड उघडलं.