निम्मी धाप

पोळ्या लाटताना केतकीला धाप लागली, म्हणजे साताऱ्यात नणंदबाई टेकडी चढू लागल्या होत्या. दोघींचे मनगटपट्टे जोडलेले होते, त्यामुळे एकीचे श्रम दोघींत निम्मे वाटले जात.

तिने वैतागून फोन लावला. "वन्सं, मी या जोडीतून बाहेर पडतेय. चढणार तुम्ही आणि पोटऱ्या माझ्या दुखायच्या?"

"ताकदही निम्मी तुलाच मिळते की गं."

"नकोय मला."

"मग पड बाहेर. ऑपरेशननंतर पूर्ण धाप मला सोसत नाही, एवढंच. घरी बसेन."

केतकीचा श्वास सावकाश पूर्ववत झाला. तिला जास्तच चीड आली.

"थांबलात ते कळतंय मला इथे," ती म्हणाली. "चढा."