सातवा वाफा

मोट रिकामी झाली आणि आसारामनं डाव्या खांद्यावरून मागं बघितलं. सहाव्या वाफ्यात केशरबाई नव्हती.

महिन्यापूर्वी पोखर्णीच्या रस्त्याला बैल बुजले, गाडीला हिसका बसला आणि आसारामची मान झटक्यासरशी मागंपुढं झाली. तेव्हापासून ती वळेना. मोटेचे बैल मागं घेताना गड्याला वळून विहिरीचा काठ बघावा लागतो. नाही बघितला तर बैल विहिरीत. पाडवा चार दिवसांवर आला होता. पेडगावात सालगडी ठेवायचा की बदलायचा, ते पाडव्यालाच ठरतं. आणि मालक दिनकरराव रोज बांधावर येऊन बसत होते.

निजामाचं राज्य गेलं तरी तालमीत वस्ताद मुंजाजीचंच राज्य होतं. त्यानं मानेवर उपाय म्हणून रोज तीनशे जोर सांगितले. दुखणं मानेतून खांद्यात उतरलं. मग केशरबाईनं नवऱ्याला परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जोर बंद, पण नुसतं पडूनही राहू नका. मान हळूहळू वळवा, दुखेल तिथं थांबा. आसारामला हा व्यायाम बायकी वाटला. दोनदा केला नि सोडला.

केशरबाईनं सोडला नाही. खोऱ्यानं मातीचं दारं मोडून कांद्याच्या वाफ्यांत पाणी तीच सोडायची. दवाखान्यातून आल्यावर ती पहिल्या वाफ्यात उभी राहिली.

"मोट वतली की माज्याकडं बघायचं. न्हाई बघितलं तर मी दारं मोडनार न्हाई. जाऊ द्या पानी वाया."

पाणी वाया जाणं त्याला बघवत नसे. दर मोटेला तो बघू लागला. ती रोज एक वाफा मागं, विहिरीच्या बाजूला सरकली.

कालचा सहावा वाफा आज रिकामा. आसारामनं मान आणखी थोडी वळवली. जराशी कळ आली. सातव्यात ती खोरं घेऊन उभी होती, आणि तिच्या मागं विहिरीचा काठ लख्ख दिसत होता. तो बघतच राहिला. बैल थांबले.

दिनकरराव बांधावरून उतरले.

"आठ दिस झाले बघायलोय," दिनकरराव म्हणाले. "मोट वतली की बायकूकडं बघायलास."

आसारामनं मान खाली घातली.

"बघ. फुडल्या सालीबी बघ. पर बैल थांबवू नको."

केशरबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि वाकून सातव्या वाफ्याचं दारं मोडलं.