डाव्या बाजूची सीट

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात न लावता, नुसतं वाकून बघत बाबांनी निकाल दिला की पत्रा पातळ आहे. रंगीत दिव्यांचे पंखे पाहून, ही काय वरातीची गाडी सजवायची आहे का, असं विचारलं. कुणालीला हसू आलं. शहापूरच्या या दुकानात आल्यापासून बाबा बोलत होते आणि तेवढ्यानेच तिला निम्मं काम फत्ते झाल्यासारखं वाटत होतं.

कॉम्प्युटर तिचा होता. नोकरी लागल्यापासून मनात होता. गेम खेळायचे, रविवारी घरबसल्या विमान उडवायचं. एकेक पार्ट स्वतः निवडायचा आणि जोडायचा सापगावच्या घरी. ग्राफिक्स कार्ड मात्र वरच्या दर्जाचंच घ्यायचं, इथे माघार नाही, हेही ठरलेलं. पण बाबांना सोबत आणण्यामागचा बेत निराळा होता.

तिचे वडील, जयराम, उभा जन्म मुरबाडहून माळशेज घाटात एसटी चालवलेले. अर्धांगाचा झटका आला, त्यातून पाय सावरले, बोलणं परत आलं, उजवा हात तेवढा लुळा राहिला. डावा धडधाकट होता. पण चारचौघांत डाव्या हाताने काही घेणं त्यांच्या जिवावर येई. त्यांनी पंगतीला बसणं सोडलं. प्रसाद वाटायला लागले की ते मंडपाच्या मागे जाऊन उभे राहत. घरात भिंतीकडे तोंड करून जेवत. कुणालीला ते बघवत नसे. बाबांनी तो चांगला हात लोकांदेखत एकदा पुढे करावा, एवढंच तिला हवं होतं. खेळातल्या विमानाचा दांडा एका हाताने धरता येतो, असं तिने कुठेतरी पाहिलं होतं.

दुकान हेतलचं. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असं सगळं तिने काउंटरवर मांडलं. पॉवर सप्लायवर बाबांनी चांगलीच हुज्जत घातली. गावात लाइट सारखी येते-जाते, तो डबा दणकट पाहिजे, बाकीचं मागाहून. इंजिन कितीही मोठं आणा, बॅटरी मरतुकडी असली की पॅसेंजरला उतरून गाडी ढकलावी लागते, हे त्यांनी हेतलला समजावून सांगितलं आणि तीही मान डोलावत ऐकत राहिली.

मग हेतलने जॉयस्टिक, म्हणजे विमानाचा तो दांडा, काढली आणि खुर्चीत बसलेल्या बाबांच्या उजव्या हाताशी ठेवली.

"धरून बघा काका."

दांड्याला अंगठा टेकायला खोबण होती. बोटांसाठी खाचा होत्या. सगळं उजव्या हाताच्या मापाचं. कुणाली चरकली. ग्राफिक्स कार्डांची तुलना करण्यात तिने महिने घालवले होते, आणि दांड्यालाही डावं-उजवं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. हेतलला आधी दोन शब्द सांगून ठेवायचंही सुचलं नव्हतं.

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून मांडीवरच्या हातावर घेतला.

"हिला दाखव. मला काय करायचंय त्याचं." ते उठले. एसटीची वेळ झाली, म्हणाले.

कुणालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचा हात पुढे करायला म्हणून बाजारात आणलं आणि भर दुकानात त्याचं उणं दाखवलं.

हेतलच्या लक्षात आलं, पण ती हळहळली नाही. तिने फळीवरून दुसरं खोकं काढलं. यातला दांडा सरळसोट होता, कुठल्याही हाताने धरावा असा.

"डावा हात गियरचा," बाबा दारातूनच बोलले. "स्टेअरिंग त्याच्यावर सोडलं तर गाडी दरीत."

त्यावर हेतलने सांगितलं की बरीच मोठी प्रवासी विमानं अशी असतात की त्यांत स्टेअरिंगच नसतं, बाजूला दांडा असतो. मुख्य पायलट डावीकडच्या सीटवर बसतो आणि त्याचा दांडा त्याच्या डाव्या अंगाला असतो.

बाबा थांबले. ड्रायव्हर डावीकडे बसतो हेच त्यांना आधी खरं वाटेना.

"म्हंजी त्यांना डावखुरा मानूस लागतो?"

"नाय काका. उजव्या हाताचाच असतो," हेतल म्हणाली. "त्या सीटवर बसला की शिकतो."

दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. एकाला चार्जर हवा होता, तो बाबांच्या मागे खोळंबून उभा होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"आनि उजव्या हाताला काय असतं?"

"थ्रॉटल. इंजिन कमीजास्त करायचा लिव्हर."

बाबांनी टॉवेलाखालच्या उजव्या हाताकडे पाहिलं. कुणालीने क्षणभरही दम काढला नाही. तो लिव्हर मला दे, हेतलला ती म्हणाली, आणि त्याच्या पैशांसाठी ग्राफिक्स कार्ड खालच्या दर्जाचं दे, चालेल. बाबांच्या उजवीकडची खुर्ची ओढून ती बसलीसुद्धा.

बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. डावा हात पुढे आला, दांड्यावर बसला. त्यांनी दांडा हळूच एका अंगाला कलवला, सरळ केला, पुन्हा कलवला. गिऱ्हाइकं बघत होती. बाबा समोर बघत होते.

"लिव्हर तुझा," ते मान न वळवता म्हणाले. "पन मी बोलल्याबिगर हात लावायचा नाय."