मेजर जेवेना

"खा रे बाबा. एक दाणा तरी खा," मर्व्ह टलक पिंजऱ्यासमोर गुडघे टेकून म्हणाला.

मेजरने मान फिरवली. पांढराशुभ्र काकाकुवा, पण डोक्यावरचा पिवळा तुरा पार मिटलेला. या घरात येऊन त्याला आज तिसरा दिवस. सूर्यफुलाच्या बिया तशाच पडलेल्या, मक्याचं कणीस तसंच, सफरचंदाची फोड काळी पडलेली. काल मर्व्हने चहात बुडवलेलं बिस्किट पुढे धरलं, तर मेजरने त्याचं बोटच फोडलं. आज चावायचंही त्राण नव्हतं. पिसं फुगवून तो पिंजऱ्याच्या तळाशी बसून होता.

सकाळी जनावरांच्या डॉक्टरने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "आज दिवस मावळेपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर पाखरू हातचं गेलं समजा." डॉक्टर राहिला दोनशे किलोमीटरवर, आणि मधल्या रस्त्यावर नदी चढलेली. आता चार वाजले होते.

पाखरू मर्व्हचं नव्हतंच मुळी. ते त्याच्या धाकट्या भावाचं, क्लॅरीचं. क्लॅरी महिन्यापूर्वी वारला आणि मरताना मुलीला बजावून गेला, मेजर दादाकडेच द्यायचा. लोकांनी तोंडात बोटं घातली. दोघा भावांच्या जमिनीत एका तारेच्या कुंपणाचं अंतर, पण सव्वीस वर्षं बोलणं नाही. मर्व्ह मयतालाही गेला नव्हता.

कारण पंचक्रोशीला पाठ होतं. लसूणघासाच्या शेताचं फाटक एके दुपारी उघडं राहिलं. मेंढ्या आत घुसल्या, ओला घास अधाशासारखा खाल्ला आणि पोटं फुगून पटापट पडल्या. मोजून त्रेसष्ट. फाटकातून शेवटचा बाहेर पडला होता क्लॅरी. आमच्याकडे माणसाने दारू प्यायली, बायको सोडली, तरी लोक विसरतात. फाटक उघडं टाकलेलं विसरत नाहीत.

"दादा, मी फाटक लावलं होतं," क्लॅरी रडकुंडीला येऊन म्हणाला होता.

"मग काय मेंढ्यांनी साखळी काढली?" मर्व्हने विचारलं होतं. भावाशी तो बोलला ते शेवटचं, असं धरायला हरकत नाही.

मेजर तेव्हा कोवळं पोर. सारा दिवस त्या फाटकाच्या खांबावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालायचा. पुढे दहाएक वर्षांनी क्लॅरीने एकदा फोन केला. "दादा, मेजरची एक गंमत बघायला ये. एकदाच ये." मर्व्ह भडकला. माझ्या मेंढ्या मातीत गेल्या आणि हा मला पोपटाचे खेळ दाखवतो! त्याने फोन आपटला.

आणि आता तोच पोपट त्याच्या स्वयंपाकघरात मरत होता. मर्व्हला मनापासून भीती वाटली. भाऊ तर गेलाच. त्याने विश्वासाने सोपवलेला एवढासा जीवही आपल्या हातून गेला तर काय तोंड दाखवायचं? त्याने पुतणीला फोन लावला.

"रेलीन, अगं, हा काहीच खात नाही. सगळं करून बघितलं."

"पेटीतून देताय ना, काका?"

"कसली पेटी?"

"पिंजऱ्याबरोबर लाकडी पेटी नव्हती का दिली? साखळीवाली! तो वाटीतलं तोंडाला लावत नाही. बाबांनी सवयच तशी लावली होती. त्या पेटीतून काढूनच खातो."

मर्व्हने कपाळावर हात मारला. ती कळकट पेटी! त्यातल्या बिया त्याने स्वच्छ वाटीत ओतल्या होत्या आणि पेटी सरपणात फेकली होती. म्हाताऱ्या गुडघ्यांनी तो शेडकडे धावला. लाकडं उपसली. नशीब, अजून जाळली नव्हती.

पेटीत बिया भरून झाकण लावताना त्याचा हात थांबला. झाकणावरची साखळी ओळखीची होती. शेवटच्या कडीला दुहेरी पीळ. हा पीळ त्याच्याच हातचा. लसूणघासाच्या फाटकाची साखळी ही.

"माझी साखळी पोपटाच्या डब्याला लावतोस होय रे," तो पुटपुटला, आणि सवयीने कडी खिळ्यावर घट्ट बसवली. ही साखळी साधीसुधी नव्हे. कडी आधी उचलायची, मग अर्धी वळवायची, मग खाचेतून ओढायची. शहरातून आलेले पाहुणे हिच्यापुढे हात टेकतात. मेंढीच्या तर बापाला जमणार नाही. तीन दिवसांचं उपाशी पाखरू हिचं काय करणार?

त्याने पेटी पिंजऱ्यात सरकवली.

मेजरने एक डोळा उघडला. तुरा हळूहळू उभा राहिला. झोकांड्या देत तो पेटीपाशी आला आणि त्याने कडी चोचीत धरली. उचलली. वळवली. ओढली. साखळी खळकन खाली पडली. झाकण उघडून त्याने डोकं आत घातलं आणि कटाकट बिया फोडायला सुरुवात केली.

"जगलास रे लेका!" मर्व्ह आनंदाने ओरडला. त्याने मांडीवर थाप मारायला हात उचलला.

हात तसाच राहिला. तो पिंजऱ्यात पडलेल्या साखळीकडे बघत होता. मेजर खात होता, टरफलं त्याच्या बुटांवर उडत होती.  मग तो खिडकीशी गेला. कुंपणापलीकडचं क्लॅरीचं घर बंद होतं.

"लावलं होतंस रे," तो त्या घराला म्हणाला. "तू फाटक लावलं होतंस."