वाढत्या अंगाचं

"आई, कपाळाला आवळतंय गं! वाढत्या अंगाचं घेऊया ना?" स्कीइंगचं हेल्मेट डोक्यावर चढवताच आठ वर्षांची लेक म्हणाली आणि आईचा हात हेल्मेटच्या पट्ट्यावरच थांबला.

हे शब्द तिचेच होते. गणवेश, बूट, स्वेटर, पोरांचं सगळं ती वाढत्या अंगाचंच घ्यायची. नॉर्वेला आल्यावरही सवय गेली नाही. दोन वर्षांपूर्वी याच दुकानात थोरल्यासाठी हेल्मेट घेताना दुकानातली बाई म्हणाली होती, "हे सैल होतंय. एक माप लहान घ्या." "असू दे, दोन-तीन वर्षं बघायला नको," म्हणत तिने हसून मोठंच घेतलं. आत लोकरीची टोपी कोंबली. शाळेच्या स्कीइंगच्या सहलीत पोरगा घसरला, हेल्मेट मानेवर सरकलं आणि कपाळ थेट झाडावर आदळलं.

"मान हलव," ती लेकीला म्हणाली. हेल्मेट जागचं हललं नाही. "हेच घ्यायचं!" तिचा आवाज इतका चढला, की लेकीने झटकन हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं.

घरी थोरला खिडकीशी बसला होता, सकाळी बसवला होता तसाच. फिट येऊन पडला तर डोकं फुटू नये म्हणून डॉक्टरांनी त्याला दिवसभर हेल्मेट घालायला सांगितलं होतं. घरात ते सहलीतलंच होतं, तेच घालत होते. तिने त्याची लाळ पुसली. सैल तर नाही ना, म्हणून कपाळापाशी बोट घालून पाहिलं.

बोट जाईना. हेल्मेट आता त्याला अगदी मापात बसत होतं.