चाळिसावा प्रवासी

माझी लेक अग्निशमन दलात आहे. गेल्या महिन्यात जळत्या इमारतीतून तिने अकरा जणांना खाली आणलं; बारावा माणूस वरच राहिला. तेव्हापासून ती रजेवर आहे आणि दिवसभर एकच व्हिडिओ गेम खेळते. त्यात बुडत्या जहाजावरून प्रवासी होडीत उतरवायचे असतात. “अगं, खेळ तर कधीच जिंकलीस. अंगठ्याला फोड आले, आता कशाला हट्ट?” “जिंकायला दहा पुरतात, आई. चाळीसच्या चाळीस उतरवले तरच पदक मिळतं.” “पडद्यातलं पदक गळ्यात घालणार कसं?” ती हसली नाही. आज चाळिसावा प्रवासी होडीत उतरला. पडद्यावर ओळ उमटली तेव्हा तिने डोळे मिटले. “आई, तू वाच.” उतारवयात शिकलेली अक्षरं जुळवत मी वाचलं, “एकही माणूस मागे राहिला नाही.” “पुन्हा वाच.” मी वाचलं. तिने कंट्रोलर उचलून खेळ पहिल्यापासून लावला.